जीटीओ सिग्नलला बंद पडते? कार्बोरेटर परत उघडायच्या आधी हे वाच

पत्र असं आलंय:

"काका, नमस्कार. मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी राहतो. गेल्या ऑक्टोबरात १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ घेतली, ४०० घन इंचाचं इंजिन, क्वाड्राजेट कार्ब, ऑटोमॅटिक. सकाळी थंड असताना चोकवर छान चालते. पण वीसेक मिनिटं फिरवली की सिग्नलला ड्राईव्हमध्ये थरथरते आणि बंद पडते. म्हणून आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या वेगाचा, स्क्रू पिळत पिळत न्यूट्रलमध्ये ११०० आरपीएमवर नेलाय. आता बंद पडत नाही, पण ड्राईव्हमध्ये टाकली की धाडकन आवाज येतो आणि ब्रेक जोरात दाबून ठेवावा लागतो. पुढचे दोन मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, काहीच फरक नाही. किट आणून कार्ब उघडला, साफ केला, उलट जरा बिघडलंच. पेट्रोलचा वास घरात येतो, बायको वैतागलीये. गरम असताना बंद केली तर दहा मिनिटांनी लवकर चालू होत नाही. इथला एक गॅरेजवाला म्हणतो क्वाड्राजेट काढून टाक, नवीन कार्ब बसव. ऑगस्टमध्ये वुडवर्डच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला न्यायचीये. काय करू? – जीटीओवाला"

अरे जीटीओवाल्या, गाडी फार सुंदर घेतलीयेस, पण आधी वासाचं बोलू, बाकी सगळं नंतर. तुझी बायको वैतागली नाहीये, ती बरोबर बोलतेय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर जाऊन उडून जात नाही, फरशीवरून सरकत सरकत दाराच्या फटीतून आत शिरते, आणि तुमच्याकडच्या घरांना गॅरेज चिकटलेलं असतं, वॉटर हीटरची नाहीतर घर तापवणाऱ्या फर्नेसची ज्योत तिथेच कुठेतरी जवळ असते. तेव्हा वास कुठून येतोय ते सापडेपर्यंत गाडी रात्री बाहेर उभी कर. आणि पेट्रोलच्या आगीला चालणारा बी क्लासचा फायर एक्स्टिंग्विशर आजच आण, गाडीत नको, हाताशी भिंतीवर टांग.

मग हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन नीट बघ. तू कार्ब नुकताच उघडलायस म्हणजे पहिला संशय पुढच्या मोठ्या इनलेट नटवर, पॉन्टिॲकच्या क्वाड्राजेटला पेट्रोलची लाईन समोरून येते, त्या १ इंची नटच्या आत छोटा फिल्टर आणि स्प्रिंग असते आणि नटला पॅकिंग असतं. ते पॅकिंग जुनंच लावलं असेल किंवा नट आट्यात तिरका बसला असेल तर तिथून बारीक पाझरतं, गरम इंजिनवर पडल्या पडल्या सुकतं, डोळ्याला काही दिसत नाही, फक्त वास. कोरडा टिश्यू पेपर नटच्या खालून फिरव, ओला झाला की समजलं. त्यानंतर सगळे रबरी पाईप. तुमच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही, आतून फुगतं, बाहेरून भेगाळतं. पाईप जुना दिसला, कधी बदलला माहीत नाही, तर विचार करत बसू नकोस, इथेनॉलला चालणारा म्हणून लिहिलेला नवीन पाईप टाक. टँकजवळचा तुकडा सगळे विसरतात, तो विसरू नकोस.

आता आयडलचं. तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य कुठलं माहितीये? मिक्श्चर स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नाही, हे. तुला वाटतंय स्क्रू खराब आहेत किंवा कार्बच मेलाय. तसं नाहीये. स्क्रू ऐकत नाहीत कारण तुझं इंजिन त्या स्क्रूमधून येणाऱ्या पेट्रोलवर चालतच नाहीये.

क्वाड्राजेटला चार घसे, पुढचे दोन लहान, मागचे दोन अगदी मोठे. आयडलला काम फक्त पुढच्या दोघांचं. प्रत्येक पुढच्या घशात बटरफ्लायच्या (घसा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या फिरत्या चकतीच्या) खाली एक बारीक भोक असतं, मिक्श्चर स्क्रूचं टोकदार नाक त्या भोकात असतं, स्क्रू आत-बाहेर केला की त्या भोकातून येणारं पेट्रोल कमी-जास्त. त्याच भोकाच्या जरा वर एक उभी चीर असते, ट्रान्सफर स्लॉट म्हणतात तिला. बटरफ्लाय जवळजवळ बंद असली की ती चीर बहुतेक सगळी वर राहते आणि गप्प असते. तू पाय देतोस, बटरफ्लाय उघडते, चीर उघडी पडते आणि तिथून जास्तीचं पेट्रोल येतं म्हणजे गाडी पिकअप घेताना अडखळत नाही. पण तू आयडलचा स्क्रू पिळून ११०० वर नेलास म्हणजे काय केलंस, बटरफ्लाय कायमची उघडी ठेवलीस, चीर पूर्ण उघडी, इंजिन तिथूनच ढसाढसा पेट्रोल ओढतंय, मग खालच्या भोकातला स्क्रू तू पूर्ण बंद केलास तरी त्याला काय फरक पडणार.

म्हणजे स्क्रूचं न ऐकणं हा रोग नाही, पिळण्याचा परिणाम आहे. खरा प्रश्न असा की पिळायची वेळ का आली? नेहमीच्या जागेवर बटरफ्लाय असताना इंजिनाला स्वतःचं वजन का पेलवेना? याची कारणं मला तीनच वाटतात: इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय, किंवा टायमिंग मागे आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय, किंवा कार्बच्या वरून नको तेव्हा पेट्रोल ठिबकतंय. यातली पहिली दोन कार्बच्या बाहेरची आहेत आणि मी इकडे गेली पंचवीस वर्षं जुन्या अमेरिकन गाड्या दुरुस्त करतोय, कार्ब खराब म्हणून आणलेल्या बहुतेक गाड्यांत दोष याच दोन ठिकाणी निघालाय.

हे मी शिकलो कोल्हापुरात, उद्यमनगरात. एका पद्मिनीचा कार्ब मी दोन दिवसांत तीनदा उघडला होता, जेट फुंकून फुंकून तोंड दुखायला लागलं, तरी गाडी आयडलला भकभक करून बंद. आमच्या मिस्त्रींनी कार्बला हातच लावला नाही. इंजिन चालू ठेवलं, ऑइलच्या कॅनने मॅनिफोल्डच्या (कार्बमधलं पेट्रोल-हवा सिलिंडरला नेणाऱ्या भागाच्या) पॅकिंगच्या कडेला दोन थेंब सोडले आणि भकभकणारं इंजिन एकदम सरळ झालं, दोन सेकंद एका लयीत चाललं, ऑइल आत ओढलं गेलं आणि परत भकभक सुरू. पॅकिंगला केसाएवढी फट होती. ते दोन सेकंद माझ्या कानात अजून आहेत, आणि तेव्हापासून आयडलची तक्रार आली की कार्बचा स्क्रू सगळ्यात शेवटी.

तुझ्या गाडीत खुणा दोन्ही दिशेला बोट दाखवतायत. थंड असताना चोकवर छान आणि गरम झाली की थरथर, ही हवा ओढण्याची खूण आहे, कारण चोक पेट्रोल जास्त देतो आणि फास्ट आयडलही असतो, त्यामुळे चोरीची हवा तेव्हा झाकली जाते. पण वास आणि गरम असताना चालू न होणं, हे जास्त पेट्रोलचं लक्षण. दोन दोष एकदम असू शकतात, जुन्या गाडीत असतातच. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा गाडीलाच विचार.

विचारायचं असं. इंजिन पूर्ण गरम कर, एअर क्लीनर काढ, चोकची पट्टी पूर्ण उभी उघडलीये आणि फास्ट आयडलचा कॅम सुटलाय बघ. मग आयडल स्क्रू मागे घे, जिथे गाडी जेमतेम थरथरत चालेल तिथपर्यंत. आता बाजूला उभा राहून, तोंड कार्बच्या वर न नेता, चोकची पट्टी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने अगदी हळू थोडीशी बंद कर. थरथर कमी झाली, आरपीएम चढले, तर इंजिन पेट्रोलला भुकेलेलं आहे म्हणजे हवा कुठून तरी शिरतेय. उलट ती आणखी गुदमरली, काळा धूर आला, तर आधीच पेट्रोल जास्त आहे. एक मिनिटाचं काम आहे, पण पुढचा अख्खा शनिवार कुठे घालवायचा ते यावर ठरतं.

दोष हवेचा निघाला तर एक व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची ओढ मोजणारा काटा, विकत घे, स्वस्त मिळतो आणि या गाडीसाठी तुझ्याकडे असलंच पाहिजे असं हत्यार ते आहे, कार्बच्या किटच्या आधी ते घ्यायला हवं होतंस. मॅनिफोल्डच्या नळीला लाव. इंजिनातला कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) बदललेला नसेल तर चांगलं इंजिन आयडलला १८ ते २० इंच दाखवतं आणि काटा स्थिर असतो. काटा स्थिर पण खाली, १४-१५ वर, तर हवा किंवा मागे राहिलेलं टायमिंग. काटा हळूहळू वर-खाली डुलतोय तर मिक्श्चर. ठराविक वेळाने टपकन खाली झटका मारतोय तर एखादा प्लग किंवा व्हॉल्व, ते प्रकरण वेगळं. आधीच्या मालकाने मोठा कॅम टाकला असेल तर १२ सुद्धा त्याच्यासाठी बरोबर असू शकतं, म्हणून आधीच्या बिलांची फाईल मिळाली असेल तर ती वाच.

गेज लावलेला ठेवून मॅनिफोल्डमधून निघणाऱ्या नळ्या एक एक करून चिमटीत दाब. पॉवर ब्रेक असेल तर बूस्टरची जाड नळी आधी: ती दाबली आणि काटा चढला म्हणजे बूस्टरचा पडदा फाटलाय, आणि तो फक्त आयडलचा प्रश्न नाही, ब्रेकचा आहे, तशी गाडी रस्त्यावर नेऊ नकोस. मग पीसीव्ही व्हॉल्व (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात जाऊ देणारा), काढून हलवून बघ, आत खुळखुळ वाजला पाहिजे. मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरकडे जाणारी बारीक लाईन, ही लोक हमखास विसरतात कारण ती गाडीच्या खाली जाते. टर्बो ४०० गिअरबॉक्सला मॉड्युलेटर (गिअर कधी बदलायचा ते ठरवायला मदत करणारा भाग) व्हॅक्यूमवर चालतो, तिकडची रबरी नळी काढून आत बघ, लाल तेल लागलं तर आतला पडदा फाटलाय, इंजिन तिथून हवा आणि तेल दोन्ही ओढतंय, सायलेन्सरमधून पांढरट धूरही येत असेल. भाग छोटा, बदलायला सोपा.

नळ्या ठीक असतील तर मग पॅकिंगं. कार्बच्या खालचं आणि इनटेक मॅनिफोल्डचं. बरेच जण कार्ब क्लीनरचा फवारा मारून शोधतात, गरम एक्झॉस्टवर आणि ठिणगी मारणाऱ्या वायरींवर पेटणारा फवारा मारायचा हे मला आवडत नाही आणि तुझ्याकडे आधीच पेट्रोलचा वास आहे. झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घे, साधं पाणी, धुक्यासारखं बारीक, प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर वाचवून कडेकडेने मार. गळतीच्या जागी पाणी क्षणभर फट बुजवतं आणि आवाज बदलतो. पॉन्टिॲकचं एक बरं आहे, व्हॅलीला, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेला, वेगळं झाकण असतं, त्यामुळे मॅनिफोल्डची खालची बाजूसुद्धा उघड्या हवेत असते. शेवरलेला खालून गळती झाली तर ती क्रँककेसमधून ओढते आणि बाहेरून कितीही फवारा मारला तरी कळत नाही.

कार्बच्या खालच्या पॅकिंगवर माझा जास्त संशय आहे, कारण तू म्हणतोस साफ केल्यावर बिघडलं. क्वाड्राजेटच्या किटमध्ये बऱ्याच मॉडेलांची पॅकिंगं एकत्र येतात, दोन-तीन जवळपास सारखी दिसणारी, एखादं भोक इकडे-तिकडे. चुकीचं लागलं तर कुठली तरी वाट बुजते नाहीतर हवेला नको तिथे रस्ता मिळतो. जुनं पॅकिंग फेकलं नसशील तर नवीन त्याच्यावर ठेवून भोक न् भोक जुळतंय का बघ. आणि बोल्ट हाताच्या बेताने, आलटून पालटून कस. पुढचे दोन लांब बोल्ट जोर लावून आवळले की क्वाड्राजेटची बॉडी वाकते, आणि एकदा वाकली की मग कुठलंच पॅकिंग नीट बसत नाही.

अजून एक जागा आहे, थ्रॉटलचा शाफ्ट. पुढच्या बटरफ्लायचा स्टीलचा शाफ्ट ॲल्युमिनियमच्या भोकात फिरतो, इतकी वर्षं फिरून भोक अंडाकृती होतं. इंजिन बंद असताना शाफ्टचं टोक बोटात धरून वर-खाली हलव. किंचित खेळ चालतो, पण टकटक जाणवली तर हवा तिथून जातेय, बुश बसवून घ्यावे लागतील, ते काम माहितगाराकडून करून घे. आणि मागच्या दोन मोठ्या बटरफ्लाय खरोखर पूर्ण मिटतायत ना तेही बघ, तू उघडून परत जोडलाय, एखादी किंचित अडकली असेल तर इतक्या मोठ्या घशातून जाणारी हवा पुढचे दोन बिचारे स्क्रू कशी सावरणार.

आता टायमिंग. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. तुझी गाडी मूळच्या पॉईंटवर (ठिणगी पाडणाऱ्या यांत्रिक स्विचवर) असेल तर आधी पॉईंट बघ, मग टायमिंग, कारण पॉईंटची ड्वेल (पॉईंट मिटलेले राहतात तो कोन) हलली की टायमिंग आपोआप हलतं. जीएमच्या (पॉन्टिॲक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या) त्या काळच्या व्ही-८ डिस्ट्रिब्युटरला बाजूला छोटी सरकती खिडकी असते, इंजिन चालू असतानाच त्यातून १/८ इंची ॲलन की घालून ड्वेल ३० अंशांवर आणता येते, काय सुरेख सोय केलीये बघ त्या लोकांनी. पॉईंट जळून खड्डे पडले असतील तर घासत बसू नकोस, बदल.

मग व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या डबीची) नळी काढ, ती नळी बुजव, आणि टायमिंग लाईट लाव. पण ११०० आरपीएमवर लावू नकोस! तेवढ्या वेगाला डिस्ट्रिब्युटरमधली वजनं बाहेर यायला लागतात आणि टायमिंग आहे त्यापेक्षा पुढे दिसतं, मग तू ते मागे घेतोस, मग आयडल पडतो, मग तू आयडल स्क्रू पिळतोस, आणि हे चक्र कितीही वेळ चालतं. मला वाटतं तुझ्या गाडीत आधीच्या मालकाने नेमकं हेच केलं असण्याची शक्यता भरपूर आहे. आयडल खाली आण, ७०० च्या आसपास, बंद पडत असेल तर कोणीतरी पायाने जेमतेम धरून ठेवू दे, आणि शॉप मॅन्युअलमध्ये तुझ्या इंजिनाचा जो आकडा दिलाय तो लाव. १९६८ चं फॅक्टरी शॉप मॅन्युअल घे, छापील घे, तेलकट हाताने पानं उलटता आली पाहिजेत. एक सावधगिरी, टायमिंगची खूण असलेल्या पुढच्या बॅलन्सरमध्ये आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं, ते जुनं होऊन कडी सरकते आणि मग खूणच खोटी बोलते. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर वर असताना खूण शून्यावर येते का हे एकदा तपासून घे.

टायमिंग बरोबर आलं की बघ, कार्बला हात न लावता आयडल आपोआप चढेल. तो चढला की आयडल स्क्रू मागे घ्यायचा. इथेच तुझे मिक्श्चर स्क्रू परत जिवंत होतात.

आता तिसरं कारण, ठिबकणं. गरम इंजिन आयडलला चालू असताना बाजूने छोटा आरसा धरून बॅटरीच्या उजेडात पुढच्या दोन घशांत बघ. आयडलला वरच्या नळ्यांच्या तोंडातून पेट्रोलचा एक थेंबही पडता कामा नये, कोरडं पाहिजे. थेंब पडताना दिसला की फ्लोटच्या चेंबरमध्ये पातळी जास्त आहे. सुई आणि तिची सीट नीट बसत नसेल, कचरा अडकला असेल, पंप जास्त दाबाने ढकलत असेल, किंवा फ्लोट जड झाला असेल. क्वाड्राजेटमध्ये पितळेऐवजी काळ्या फोमसारख्या प्लास्टिकचा फ्लोट बऱ्याचदा असतो, तो वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो, वर तरंगायच्या ऐवजी खाली बसतो आणि सुई वेळेवर बंद होत नाही. डोळ्याला अगदी नव्यासारखा दिसतो! स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असतो ना, त्यावर तो आणि नवा फ्लोट शेजारी शेजारी ठेवून वजन कर. (काटा नंतर नीट धुऊन ठेव, बायको आधीच वैतागलीये.) आणि तू साफ करताना तो क्लीनरच्या डब्यात बुडवला असशील तर वजन न करताच बदल.

आणखी एक जागा आहे, क्वाड्राजेटची जुनी खोड. मधल्या बॉडीच्या खाली, थ्रॉटल प्लेटचा भाग काढला की छोटे गोल प्लग दिसतात, कारखान्यात ड्रिल केलेली भोकं बुजवायला ठोकलेले. ते कालांतराने पाझरतात, चेंबर आधीच लहान, गाडी बंद केली की पेट्रोल हळूहळू मॅनिफोल्डमध्ये उतरतं. तपासायचं घराबाहेर, मोकळ्यावर: बॉडी कोऱ्या वर्तमानपत्रावर ठेव, चेंबरमध्ये पेट्रोल भर, तासाभराने उचल. कागदावर ओला गोल उमटला तर त्या जागेचा प्लग गळतोय. नीट साफ करून, कोरडं करून पेट्रोलला टिकणारं इपॉक्सी लावतात, दिवसभर वाळू देतात, वर्षानुवर्षं टिकतं.

हे सगळं झालं की मग मिक्श्चर. दोन्ही स्क्रू आधी बाहेर काढून त्यांची टोकं बघ, कोणी जोरात आवळले असतील तर नाकावर गोल खाच दिसते, तसे स्क्रू बदलायचे, त्याच्यावर सेटिंग होत नाही. मग दोन्ही अलगद आत टेकव, टेकल्याचं बोटाला कळलं की थांब, आणि दोन-दोन फेरे बाहेर. इंजिन गरम, चोक उघडा. एका बाजूचा पाव फेरा फिरव आणि थांब. लगेच दुसरा पाव फेरा नको, दहा-पंधरा सेकंद थांब, इंजिनाला कळायला वेळ लागतो. व्हॅक्यूमचा काटा वर गेला, त्याच दिशेने अजून पाव. काटा वर जायचा थांबला की दुसऱ्या बाजूचा स्क्रू. मग परत पहिला. मध्ये आयडल चढला की आयडल स्क्रूने खाली. तीन-चार वेळा असं केलंस की एक जागा येते जिथे काटा हलायचा थांबतो, एक्झॉस्टचा पुक-पुक आवाज जाऊन एकसारखी गुरगुर होते, फेंडरवर हात ठेवलास तर हाताला कळतं. तिथून प्रत्येक स्क्रू काटा जेमतेम पडायला लागेपर्यंत आत आण आणि जरासा परत बाहेर. बस.

शेवटचा आकडा ड्राईव्हमध्ये लावायचा, ऑटोमॅटिकला ६०० ते ७०० च्या मधे कुठेतरी, नेमका मॅन्युअल सांगेल. त्या वेळी हँडब्रेक, चाकांना ठोकळे, आत कोणीतरी मोठं माणूस ब्रेकवर पाय ठेवून, आणि तू बाजूला, गाडीच्या समोर अजिबात नाही. यात घाई करू नकोस, कृपा करून.

गरम असताना चालू न होण्याचं बरंचसं वरच्या दुरुस्तीनेच जाईल. उरलेलं उष्णतेचं आहे, गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी थांबतं, खालच्या मॅनिफोल्डची उष्णता कार्बमध्ये चढते, पेट्रोल उकळून घशात उतरतं. त्यात हिवाळ्यासाठी बनवलेलं पेट्रोल लवकर वाफ होणारं असतं, ऑक्टोबरातलं अजून टँकमध्ये पडून असेल तर काढून टाक, ते तसंही शिळं झालंय. कार्बच्या खाली जाड, उष्णता अडवणारं पॅकिंग मिळतं, त्याने चांगला फरक पडतो, फक्त बॉनेट एअर क्लीनरला टेकत नाही ना बघ. आणि गरम असताना चालू करताना पेडल पंप करू नकोस, पूर्ण खाली दाबून धर आणि स्टार्टर मार, पंप केलंस की ओल्यात ओल.

आता नवीन कार्बचं. माझं मत स्पष्ट आहे, नको. क्वाड्राजेट वाईट कार्ब नाही, १९६५ ला आला आणि जीएमने पुढे दोन दशकं तो लाखो गाड्यांना लावला, पुढचे घसे लहान असल्यामुळे शहरात हळू चालवायला तो अतिशय समजूतदार आहे. १९६६ पर्यंत जीटीओला तीन कार्बवाली ट्राय-पॉवर मिळायची, ती बंद झाल्यावर १९६७ पासून हाच आला, म्हणजे तुझ्या गाडीचा हा जन्माचा जोडीदार. तुझ्या मॅनिफोल्डला पुढे लहान-मागे मोठी अशी भोकं आहेत, चौकोनी मांडणीचा नवीन कार्ब बसवायचा तर मध्ये ॲडॅप्टर लागतो, म्हणजे एकाऐवजी दोन पॅकिंगं, हवा ओढायला आणखी एक जागा. आणि मूळ दोष टायमिंगमध्ये किंवा नळीत असेल तर तो नवीन कार्बखाली तसाच राहणार. ड्रायव्हरच्या बाजूला मागे बॉडीवर उभा नंबर कोरलेला असतो तो बघ. ७०२८ ने सुरू होत असेल तर तो १९६८ चाच कार्ब आहे, कुणी कितीही सांगितलं तरी हातातून जाऊ देऊ नकोस.

वुडवर्डचं लक्षात ठेव, ऑगस्टचा तिसरा शनिवार, फर्नडेलपासून पॉन्टिॲक गावापर्यंत गाड्यांची रांग, म्हणजे तासन् तास पहिल्या गिअरच्या वेगाने रांगणं, उन्हात, ड्राईव्हमध्ये ब्रेकवर पाय ठेवून. म्हणून जुलैत एखाद्या गरम दुपारी गाडी अर्धा तास फिरवून ये आणि घरासमोर ड्राईव्हवेत वीस मिनिटं नुसती आयडलला उभी कर, समोरून पंखा वगैरे न लावता, आणि पाण्याचं तापमानही बघत राहा. तिथे टिकली तर तिकडेही टिकेल.

या शनिवारी गळती आणि नळ्या एवढंच कर, टायमिंग पुढच्या वेळी. आणि मला कळव: गरम इंजिनला न्यूट्रलमध्ये व्हॅक्यूम किती, ड्राईव्हमध्ये किती, चोकची पट्टी थोडी बंद केल्यावर आरपीएम चढले का पडले, आणि कार्बवरचा तो नंबर.